घरगुती आर्केड पॅनेलसाठी बटणे कशी निवडावीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बटण आणि स्विच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

हो, आणि हा फरक आधी डोक्यात बसवला तर पुढची अर्धी खरेदी सोपी होते. बोटाखाली येते ती प्लास्टिकची टोपी, तिच्याभोवतीची कड, खालचे नळकांडे आणि नट किंवा खटके, हे सगळे मिळून बटणाचे अंग. वीज जोडणारा आणि तोडणारा स्विच या अंगाच्या तळाशी असतो. काही बटणांत तो सुटा निघतो, काहींत आतच बसवलेला असतो. अंग निवडताना पॅनेलची, म्हणजे बटणे आणि जॉयस्टिक बसतात त्या फळीची, जाडी आणि भोकाचे माप पाहायचे. स्विच निवडताना दाब, आवाज आणि प्रतिसाद पाहायचा. लोक दिवसच्या दिवस स्विचवर वाद घालतात आणि शेवटी अडकतात ते अंग पॅनेलमध्ये बसत नाही म्हणून.

मग सुरुवात कशापासून करायची?

पॅनेलच्या जाडीपासून. रंग, कंपनी, दिवे हे सगळे नंतर. १.५ ते २ मिमी पत्रा, ३ मिमी अ‍ॅक्रिलिक, १२ मिमी प्लाय आणि १८ मिमी एमडीएफ या चार पॅनेलना चार वेगळी उत्तरे आहेत. वरून चित्राचा विनाइल किंवा अ‍ॅक्रिलिकचा थर लावणार असाल तर तोही जाडीत धरा. १८ मिमी एमडीएफवर ३ मिमी अ‍ॅक्रिलिक म्हणजे २१ मिमी. एवढ्यात कित्येक बटणांचे आटे संपतात आणि नटाला पकडायला काही उरत नाही.

खटक्याची बटणे घ्यावीत की आट्याची?

खटक्याच्या बटणाला दोन बाजूंना प्लास्टिकचे लवचीक पंख असतात. वरून दाबले की ते आत जाताना मिटतात आणि पॅनेलच्या खाली उघडतात. सानवा आणि सेमित्सू या जपानी कंपन्यांपैकी सानवाचे ओबीएसएफ-३० आणि सेमित्सूचे पीएस-१४-जी या जातीतले. पॅनेल साधारण २ ते ४ मिमी जाड असेल तरच यांची पकड नीट बसते. जाड लाकडात पंख उघडायला जागाच मिळत नाही. मग बटण नुसत्या घर्षणावर टिकते आणि जोरात खेळताना वर येते.

आट्याच्या बटणाला खालून नट लागतो. सानवाचे ओबीएसएन-३० आणि सेमित्सूचे पीएस-१४-जीएन पातळ पॅनेलपासून मध्यम जाडीपर्यंत चालतात, पण त्यांचेही आटे आखूडच. १२ मिमी प्लायला ती पुरतील असे गृहीत धरू नका. आट्यांची लांबी मोजा, त्यातून नटाची जाडी वजा करा. उरेल तेवढीच जाडी ते बटण घेऊ शकते.

१६ ते १९ मिमी लाकडासाठी लांब आट्यांची अमेरिकी धाटणीची, म्हणजे हॅप या अमेरिकी कंपनीच्या पद्धतीची बटणे सरळ बसतात. ती बनलीच लाकडी कॅबिनेटसाठी.

लाकूड जाड आहे, पण बटणे खटक्याचीच हवीत. काही मार्ग?

दोन आहेत. पहिला: वर २ मिमी पत्रा किंवा ३ मिमी अ‍ॅक्रिलिक लावा, त्यात ३० मिमीचे भोक पाडा आणि खालच्या लाकडात त्याच मध्यावर ३८ ते ४० मिमीचे. बटण वरच्या पातळ थरात अडकते आणि लाकूड फक्त आधार देते. शेजारची भोके एकमेकांत मिसळत असतील तर सगळ्या बटणांमागचे लाकूड सलग काढून टाका आणि कडेने पट्ट्यांचा आधार द्या.

दुसरा: राउटरने लाकूड खालून खरवडून ३ मिमी ठेवायचे. प्लायमध्ये हे कसेबसे जमते. एमडीएफमध्ये ३ मिमीचा पापुद्रा रोजच्या दणक्यांना टिकत नाही. तेव्हा पहिलाच मार्ग धरा.

२४, २८ आणि ३० मिमी यांत नेमके काय निवडायचे?

जपानी धाटणीत खेळायच्या बटणांना ३० मिमीचे भोक लागते. स्टार्ट, सिलेक्ट अशा कामांना २४ मिमीचे. अमेरिकी धाटणीत भोकाचे माप १ पूर्णांक १/८ इंच, म्हणजे २८.६ मिमी. ३० मिमीचे बटण २८ च्या भोकात जाणारच नाही. उलट २८ चे आट्याचे बटण ३० च्या भोकात बसते, कारण कड भोक झाकते आणि नट धरून ठेवतो, पण नट आवळताना ते मध्यावर धरावे लागते. खटक्याच्या बटणाला असली सूट नाही. भोक अर्धा मिमी मोठे झाले तरी ते डुगडुगते.

म्हणून शंका असेल तर भोके पाडण्याआधी एक बटण हातात असू द्या आणि व्हर्निअरने अंगाचा व्यास मोजा. जाहिरातीत लिहिलेले '३० मिमी' कधी अंगाचे असते, कधी वरच्या कडेचे. ३० मिमीच्या बटणाची कड साधारण ३३ मिमी भरते.

जपानी आणि अमेरिकी बटण बोटाला वेगळे लागते का?

बरेच. जपानी बटणाची टोपी किंचित फुगीर, चाल आखूड आणि दाब कमी. बोट वर ठेवल्यासरशी ते लागते. ज्यांना बटणावर बोट टेकवून ठेवायची सवय आहे त्यांच्याकडून सुरुवातीला नको असताना दाबले जाते. अमेरिकी बटणाची टोपी बहुधा खोलगट, चाल लांब, स्प्रिंग जड. तळहाताने थोपटत खेळणाऱ्यांना आणि लहान मुलांच्या तडाख्याला ते बरे. फायटिंग गेम मनापासून खेळणार असाल तर जपानी, आणि जुनी कॅबिनेट हुबेहूब उभी करायची असेल तर अमेरिकी. दोन्ही एकाच पॅनेलवर मिसळायला काही हरकत नाही, पण एका खेळाडूची सहाही बटणे एकाच जातीची असू द्या.

लीफ स्विच, मायक्रोस्विच आणि कीबोर्डचे स्विच यांत फरक काय?

लीफ स्विच म्हणजे दोन लवचीक धातूच्या पट्ट्या. बटण दाबले की वरची पट्टी खालचीला टेकते. ना 'टिक' आवाज, ना पायरी. पट्टी हलकेच वाकवून अंतर बदलता येते, त्यामुळे बटण किती दाबल्यावर लागावे हे तुमच्या हातात असते. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या खेळांत, जिथे गोळ्यांचा भडिमार करायचा असे, तिथे ही बटणे आजही अनेकांना सरस वाटतात. तोटा असा की अंतर हळूहळू बिघडते आणि टोके काळी पडतात. अधूनमधून हात लावायची तयारी असेल तरच घ्या.

मायक्रोस्विचमध्ये ताणलेली पट्टी एका ठरावीक बिंदूला उडी मारून दुसऱ्या बाजूला जाते. 'टिक' येते ती या उडीची. ही उडी दाबताना एका जागी होते आणि सोडताना थोड्या वरच्या जागी. दोहोंमधले अंतर जास्त असेल तर भराभर टिचक्या मारताना बटण पुरेसे वर सोडावे लागते. एकच बटण सेकंदाला आठ-दहा वेळा दाबायचे खेळ खेळणार असाल तर हे अंतर कमी असलेला मायक्रोस्विच शोधा.

तिसरा प्रकार कीबोर्डच्या स्विचवर बेतलेला. गेमरफिंगरसारख्या बटणांत चेरी एमएक्सच्या धाटणीचा स्विच बसतो आणि तो बदलता येतो. चेरीचा लाल स्विच ४५ सेंटिन्यूटन दाबाला आणि २ मिमीवर लागतो, एकूण चाल ४ मिमी. काळाही २ मिमीवरच लागतो, पण ६० सेंटिन्यूटनला. स्पीड सिल्व्हर १.२ मिमीवरच लागतो. निळा टाळा. त्याचा आवाज मजेदार असला तरी लागायचा आणि सुटायचा बिंदू दूरदूर आहेत, आणि नेमके तेच भराभर दाबताना आडवे येते. आर्केड बटणाची एकूण चाल कीबोर्डच्या कळीपेक्षा कमी असू शकते. तेव्हा स्विच बदलल्यावर टोपी तळाला टेकण्याआधी तो लागतो ना, हे मल्टिमीटरने तपासा.

सानवा आणि सेमित्सूच्या नेहमीच्या बटणांत स्विच आतच असतो आणि खाली दोन टोके दिसतात. तो बिघडला तर घरच्या घरी नवा बसवण्याची सोय फारशी नाही, अख्खे बटण बदलायचे. कामाचा हा फरक जाहिरातीत सहसा येत नाही.

दाब किती असावा? २५, ५०, ७५ ग्रॅम असे आकडे दिसतात.

सुट्या मायक्रोस्विचवर दिसणारा आकडा फक्त त्या स्विचचा असतो. बटणाच्या अंगात टोपी वर ढकलणारी स्वतंत्र स्प्रिंग असेल तर बोटाला दोन्हींची बेरीज जाणवते. त्यामुळे ७५ ग्रॅमचा स्विच काढून २५ चा लावला तरी बटणाचा दाब एक तृतीयांशावर येत नाही. फरक कळतो, पण स्प्रिंग जड असेल तर तो थोडाच. आधी एका बटणावर करून पाहा, पटले तर बाकीचे.

फार हलके करण्याचाही तोटा आहे. टोपी वर नेण्यात स्विचचाही हात असतो. स्विच अगदी हलका आणि टोपी जरा घट्ट असेल तर बटण खाली दाबलेलेच राहते. २० ग्रॅमचे स्विच लावल्यावर 'बटण अडकते' ही तक्रार बहुतेक याच कारणाने येते.

स्विचवर १६ अँपिअर, २५० व्होल्ट लिहिले आहे. जास्त अँपिअर म्हणजे जास्त टिकाऊ ना?

इथे उलटे आहे. यूएसबी एन्कोडर, म्हणजे बटणांचे दाब संगणकाला कळवणारा बोर्ड, बटणातून किती वीज पाठवतो ते पाहा. ५ व्होल्टला २० ते ५० किलोओहमचा आतला पुल-अप रेझिस्टर धरला तर ०.१ ते ०.२५ मिलिअँपिअर. १६ अँपिअरच्या स्विचची चांदीची टोके मोठ्या प्रवाहासाठी असतात. तिथे दर वेळी ठिणगी पडते आणि टोकांवरचा काळा थर जळून जातो. आपल्या प्रवाहात ठिणगीच नाही, म्हणून थर साचत जातो. महिनाभर न वापरलेले पॅनेल सुरू केले की पहिल्या चार-पाच दाबांना काही बटणे ऐकत नाहीत आणि मग आपोआप सुधारतात, त्यामागे हे असते.

उपाय म्हणजे छोट्या प्रवाहासाठी सोन्याचा मुलामा दिलेली टोके असलेला मायक्रोस्विच. अशा स्विचवर आकडा छोटा असतो, बहुधा ०.१ अँपिअर. दमट हवेत तर तो घ्यावाच. हाती असलेले स्विच बदलायचे नसतील आणि एन्कोडर ५ व्होल्टचा असेल, तर प्रत्येक इनपुट आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर जोडा. बटण दाबल्यावर ५ मिलिअँपिअर वाहतात आणि टोके जरा बरी वागतात. ३.३ व्होल्टच्या बोर्डावर हा रेझिस्टर ३.३ लाच जोडायचा, ५ ला मुळीच नाही.

लाखो-कोटी दाबांचे आयुष्यही असेच वाचा. यांत्रिक आयुष्य आणि पूर्ण प्रवाहावरचे विद्युत आयुष्य हे दोन वेगळे आकडे असतात. आपल्याला लागू पडतो तो यांत्रिक.

किती बटणे लागतील?

जे खेळ खेळणार त्यावरून. १९७९ च्या ॲस्टेरॉइड्सला जॉयस्टिक नव्हतीच, पाच बटणांवर सगळा खेळ. १९८० च्या पॅक-मॅनला खेळायचे बटण एकही नाही. १९८१ च्या डाँकी काँगला उडीचे एक. १९८३ च्या ट्रॅक अँड फील्डला धावायची दोन आणि उडीचे एक. निओ जिओला चार. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ ने तीन ठोसे आणि तीन लाथा मिळून सहा बटणांची घडी बसवली आणि घरगुती पॅनेल आजही तीच धरून चालतात.

दोन खेळाडूंचा हिशेब असा: खेळायची १२, स्टार्ट २, नाणे २, शिवाय बाहेर पडणे, थांबवणे असली २ ते ४. म्हणजे १८ ते २०. वर दोन-तीन जास्तीची मागवा. एका खेळाडूला आठ बटणे देण्याचा मोह होतो. घरच्या कन्सोलचे खेळही चालवायचे असतील तर ते ठीक, नाहीतर सातवे-आठवे बटण बोटांच्या आड येते.

बाहेर पडायचे बटण सारखे चुकून दाबले जाते.

ते पॅनेलच्या समोरच्या कडेला किंवा बाजूला न्या, २४ मिमीचे घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये ते एक-दोन सेकंद दाबून धरल्यावरच चालेल असे ठेवा. स्टार्ट आणि नाणे एकत्र दाबल्यावर बाहेर पडणे हा दुसरा पर्याय. एक बटण वाचते, पण पाहुण्यांना ते कळत नाही.

दोन बटणांत अंतर किती ठेवायचे?

जपानी मांडणीत ३० मिमी बटणांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ३६ मिमी हे नेहमीचे अंतर. अमेरिकी बटणांना ३८ ते ४० मिमी. आट्याची बटणे ३६ वर लावणार असाल तर आधी नटाचा बाहेरचा व्यास मोजा. बरेचदा नट कडेपेक्षा रुंद असतो. वरून सगळे छान दिसते आणि खाली दोन नट एकमेकांवर चढतात. असे झाले तर बटणांमधले अंतर वाढवा किंवा खटक्याची बटणे घ्या.

बटणे सरळ रेषेत नकोत. मधले बोट लांब, म्हणून दुसरे बटण पहिल्यापेक्षा वर आणि तिसरे-चौथे हळूहळू खाली. कागदावर आखून न थांबता जाड पुठ्ठ्यात भोके पाडा, बटणे बसवा, वायरी जोडा आणि काही दिवस त्यावर खेळा. मनगट दुखते का, अंगठा कुठे टेकतो, दुसऱ्या खेळाडूचे कोपर लागते का, हे सगळे पुठ्ठा सांगतो. दोघांसाठी ६० सेमी रुंदी म्हणजे अगदी कमीत कमी.

भोके स्वच्छ कशी पाडायची?

लाकडाला फॉर्स्टनर बिट, म्हणजे स्वच्छ कडेचे गोल भोक पाडणारा बिट. ३० मिमीच्या बटणाला ३० चा, अमेरिकी बटणाला २८ किंवा २९ चा. चपटा स्पेड बिट लाकडाच्या कडा उचकटतो आणि होल सॉच्या दातांमुळे भोक किंचित मोठे होते. क्रम असा:

१. टाकाऊ तुकड्यावर एक भोक पाडा आणि बटण बसवून पाहा. बिटावरचे माप आणि भोकाचे माप नेहमी जुळतेच असे नाही.
२. पॅनेलवर मध्य खुणेने टोचून ३ मिमीचे आरपार भोक पाडा.
३. वरून फॉर्स्टनर अर्ध्याहून अधिक घाला, मग पॅनेल उलटवून खालून पूर्ण करा. खाली टाकाऊ फळी घट्ट दाबून ठेवा.
४. रंग किंवा लॅमिनेट नंतर लावणार असाल तर भोकाच्या आतल्या भिंतीवर रंग चढतो आणि घट्ट भोक आणखी घट्ट होते. रंग वाळल्यावर गोल कानस किंवा नळीला गुंडाळलेला पॉलिश पेपर फिरवा.

पत्र्याला स्टेप बिट किंवा धातूचा होल सॉ, वेग कमी आणि थेंबभर तेल. अ‍ॅक्रिलिकवरचा कागद काढू नका, ते दोन फळ्यांमध्ये शिकंज्याने आवळा आणि सावकाश कापा. जोर दिला की शेवटच्या क्षणी तडा जातो. तो तडा भोकापासून कडेपर्यंत धावतो आणि सगळी शीट वाया.

दिव्याची बटणे घ्यावीत का?

अंधाऱ्या खोलीत शोभतात, पण दोन वेगळे सर्किट सांभाळावे लागतात हे लक्षात घ्या. अशा बटणाला चार टोके: दोन स्विचची, दोन एलईडीची. एलईडी ५ व्होल्टचा की १२ चा हे मागवतानाच पाहा. १२ चा एलईडी ५ वर मंद जळतो किंवा जळतच नाही, आणि ५ चा १२ वर पाहता पाहता जातो.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे १२ व्होल्टची वायर चुकून स्विचच्या टोकाला लागणे. ती वीज सरळ एन्कोडरमध्ये शिरते आणि बोर्ड संपतो. १२ व्होल्टला पूर्ण वेगळा रंग ठेवा, आणि एन्कोडर जोडण्याआधी त्याच्याकडे जाणारी प्रत्येक वायर व्होल्टमीटरने तपासा. शक्य असेल तर ५ व्होल्टचेच दिवे घ्या, हा प्रश्नच उरत नाही.

आत रेझिस्टर नसलेला सुटा एलईडी असेल तर तो लावावा लागतो. ५ व्होल्टवर १० मिलिअँपिअरसाठी लाल एलईडीला ३३० ओहम, निळ्या-पांढऱ्याला १८० ओहम पुरतात. प्रत्येकी २० मिलिअँपिअर धरले तर १६ बटणांना ३२० मिलिअँपिअर लागतात. यूएसबी २.० च्या एका पोर्टची मर्यादा ५०० आहे. त्यात एन्कोडरही आला, म्हणून दिव्यांना वेगळा ५ व्होल्टचा अडॅप्टर द्यावा हे बरे. एलईडी लागत नसेल तर आधी त्याची टोके उलटी करून पाहा.

वायर आणि कनेक्टर कोणते?

२२ गेज, बहुतारी तांब्याची. एकतारी वायर पॅनेल उघड-मीट करताना कनेक्टरच्या मुळाशी तुटते. सानवा-सेमित्सूच्या ३० मिमी बटणांना २.८ मिमीचे मादी चपटे कनेक्टर, अमेरिकी धाटणीच्या मायक्रोस्विचला बहुधा ४.८ मिमीचे. ६.३ मिमीची टोके असलेले स्विचही असतात. टोकाची रुंदी मोजूनच मागवा. मोठा कनेक्टर पकडीने चेपून लहान टोकावर बसवला की खेळाच्या हादऱ्यांनी तो सुटतो.

टोकांना सोल्डर करू नका. सोल्डरिंग आयर्न तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकले तर टोकाभोवतीचे प्लास्टिक मऊ होऊन टोक कलते आणि आतली जुळणी बिघडते. वर पुढे बटण बदलताना कात्री लावावी लागते ती वेगळीच.

मायक्रोस्विचला तीन टोके आहेत. कोणती दोन वापरायची?

सीओएम (सामाईक टोक) आणि एनओ (दाबल्यावर जोडले जाणारे). एनसी (न दाबता जोडलेले) मोकळे सोडा. चुकून एनसीला वायर लावली तर बटण न दाबताच दाबलेले दिसते आणि दाबल्यावर सुटते. खेळात पात्र आपोआप ठोसे मारत असेल तर हेच आधी पाहा. टोकांची जागा कंपनीगणिक बदलते, म्हणून अंगावरची अक्षरे वाचा किंवा मल्टिमीटरने ठरवा.

प्रत्येक बटणापासून दोन-दोन वायरी एन्कोडरला न्याव्या लागतात का?

बहुतेक एन्कोडरमध्ये सर्व इनपुटचे ग्राउंड आतून एकच असते. तेव्हा सगळ्या बटणांच्या सीओएम टोकांतून एक माळ ओवा आणि प्रत्येक एनओपासून एक स्वतंत्र वायर न्या. दोन-दोन पिनांचे कनेक्टर असलेल्या स्वस्त 'झिरो डिले' एन्कोडरवरही हे सहसा चालते. आधी दोन कनेक्टरच्या ग्राउंड पिना मल्टिमीटरवर जोडलेल्या दाखवतात का ते पाहा.

माळेची दोन्ही टोके ग्राउंडला परत आणून तिचे कडे करा. एकाच टोकाने जोडलेली माळ मध्ये तुटली की तिथून पुढची सगळी बटणे एकदम मुकी होतात. कडे असेल तर एक सांधा निसटला तरी बटणे चालू राहतात.

एन्कोडर कोणता घ्यायचा?

झिरो डिले एका खेळाडूला पुरतो, साधारण १२ बटणे आणि एक जॉयस्टिक. दोन खेळाडूंना दोन लागतात, आणि संगणक कधीकधी दोघांची अदलाबदल करतो. दोघांसाठी एकच बोर्ड हवा असेल तर अल्टिमार्कचा आय-पॅक. हाताने प्रोग्रॅम टाकायला आवडत असेल तर एटीमेगा३२यू४ चिपचा अर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो, नाहीतर रास्पबेरी पाय पिको आणि त्यावर जीपी२०४०-सीई हे तयार सॉफ्टवेअर. पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, एवढे भान ठेवा.

एकदा दाबले तरी दोनदा लागते. बटण खराब आहे का?

असेलच असे नाही. कोणत्याही धातूच्या टोकांची भेट होताना ती काही मिलिसेकंद थरथरतात. एन्कोडरचे डिबाउन्स ही थरथर गाळते. नव्या स्विचला ५ मिलिसेकंद बहुधा पुरतात. डिबाउन्सच्या पद्धती मात्र दोन आहेत: थरथर थांबेपर्यंत वाट पाहून मग दाब नोंदवणे, किंवा पहिल्या स्पर्शालाच नोंदवून पुढचे काही मिलिसेकंद कान बंद करणे. खेळासाठी दुसरी हवी. पहिल्या पद्धतीत २० मिलिसेकंद ठेवले तर ६० फ्रेमच्या खेळात एका फ्रेमपेक्षा (१६.७ मिलिसेकंद) जास्त उशीर होतो आणि दोष बिचाऱ्या बटणावर येतो.

दोन बटणांचे स्विच अदलाबदल करून पाहा. त्रास स्विचबरोबर गेला तर स्विच खराब. त्याच जागी राहिला तर वायर, कनेक्टर किंवा एन्कोडर.

बटण खाली अडकून बसते.

नट अति आवळला असेल तर अंग चेपते आणि टोपी घासते. नट बोटांनी बसेल तिथपर्यंत फिरवा, मग आणखी पाव फेरा, बस्स. नट सैल करूनही अडकत असेल तर भोक अरुंद आहे, कानस फिरवा. तरीही तेच असेल तर बटण काढून हातात धरून दाबा. हातात मोकळे चालणारे आणि पॅनेलमध्ये अडकणारे बटण म्हणजे दोष भोकाचा. हातातही अडकत असेल तर टोपीच्या भिंतीत लाकडाचा भुसा नाहीतर साच्यातून राहिलेला प्लास्टिकचा कंगोरा असतो.

आवाज कमी करायचा आहे.

आवाज दोन आहेत: स्विचची टिक आणि टोपी वर-खाली आपटण्याचा ठोका. रात्री शेजारच्या खोलीत पोचतो तो बहुधा ठोका. सानवाच्या ओबीएसएफएस-३० या मूक बटणांत त्याची सोय केलेली असते. साध्या बटणात टोपीखाली फोमच्या पातळ चकत्या घालता येतात, पण त्यांनी चाल कमी होते, म्हणून जाडी बेताची घ्या. पोकळ पेटी ठोका ढोलासारखा घुमवते. आतून फोम चिकटवला तर बटणे न बदलताही बराच फरक पडतो.

साफसफाई कशी करायची?

टोपी काढून कोमट साबणपाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. स्विचच्या टोकांना आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते, पण ते अ‍ॅक्रिलिकच्या पारदर्शक पॅनेलवर सांडू देऊ नका, बारीक तडे उमटतात. गंज सोडवणारे फवारे बटणात मारू नका. काही दिवस बटण गुळगुळीत चालते, मग त्या तेलावर धूळ बसून चिकट लगदा होतो.

खटक्याचे बटण न मोडता काढायचे कसे?

कनेक्टर आधी काढा. खालून दोन्ही पंख अंगठा आणि तर्जनीने एकाच वेळी आत दाबा आणि तसेच दाबून धरून वर ढकला. एकेक पंख सोडवत वाकडे काढले की दुसरा मुळाशी मोडतो. बटणे दाटीवाटीने असल्याने बोटे पोचत नसतील तर तेवढ्या व्यासाच्या प्लास्टिक पाइपचा तुकडा खालून पंखांवर सरकवा, दोन्ही एकदम मिटतात. वरून स्क्रूड्रायव्हरने उचकटायचा प्रयत्न केलात तर बटण कदाचित वाचेल, पण पॅनेलच्या रंगाला ओरखडा नक्की जाईल.